गाठीतल्या पांढऱ्या पेशी नेमक्या कोणाच्या बाजूने?

आतड्याच्या कॅन्सरचा बायॉप्सी रिपोर्ट न्यायला आलेले नातेवाईक काउंटरवरून सहसा सरळ परत जात नाहीत. पाकीट उघडतात, दोन ओळी वाचतात आणि आत डोकावून विचारतात, "मॅडम, दोन मिनिटं आहेत का?" पहिला प्रश्न स्टेजचा. दुसरा बहुतेक वेळा असा, "बाबांची प्रतिकारशक्ती कमी पडली का हो?" त्याच्या पाठोपाठ तिसरा, "मग ती वाढवायला काय द्यायचं?" तोवर घरात गुळवेलीचा काढा सुरू झालेला असतो आणि पुण्यातल्या तळजाई टेकडीवर फिरायला येणाऱ्या कुणा काकांनी गव्हांकुराचा रसही सुचवलेला असतो.

मी पॅथॉलॉजिस्ट. माझ्यासमोर माणूस नसतो, त्याच्या गाठीचा तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप असतो, काचेवर चिकटवलेला आणि गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवलेला. हे काप रोज बघणाऱ्याला 'प्रतिकारशक्ती कमी पडली' हे उत्तर पटत नाही. कारण गाठीत प्रतिकार करणाऱ्या पेशी दिसतात. गडद जांभळे, गोल, बारीक ठिपके म्हणजे लिम्फोसाइट, पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. काही गाठींत ते इतके असतात की कॅन्सरच्या पेशी त्यांच्या गर्दीतून शोधाव्या लागतात. तेव्हा विचारायला हवं ते हे, की तिथे कोणत्या पेशी आल्या आहेत, त्या कुठे उभ्या आहेत आणि तिथे उभ्या राहून काय करताहेत.

आधी आतड्याची अडचण समजून घेऊ. आतड्याच्या पोकळीत अब्जावधी जिवाणू असतात, वर रोजचं अन्न, मसाले, बाहेरून आलेली घाण. या सगळ्यात आणि आपल्या रक्तात आडपडदा कसला, तर एकाच पेशीच्या जाडीचा थर. तोही दर चार-पाच दिवसांनी नवा होणारा. म्हणून शरीरानं प्रतिकार करणाऱ्या पेशींचा मोठा वाटा या भिंतीलगतच ठेवला आहे. पण इथल्या पेशींचं काम अवघड आहे. दसऱ्याच्या आदल्या रविवारी लक्ष्मी रोडवर साध्या वेशात उभा असलेला पोलीस आठवा. हजारो माणसं धक्के देत जाणार, त्यांना काही करायचं नाही. पाकीट मारणारा एखादाच, तो निसटू द्यायचा नाही. प्रत्येकाची कॉलर धरली तर बाजारच बंद पडेल. आतड्यात असं होतं तेव्हा त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स डिसीज म्हणतात.

म्हणजे आतड्यातली प्रतिकारशक्ती मुळातच सबुरीनं वागणारी आहे. 'सोडून दे' असं सांगणाऱ्या यंत्रणा तिथे भरपूर आहेत, आणि त्या असायलाच हव्यात. कॅन्सर याच सबुरीचा फायदा उचलतो.

कोण कोण असतं तिथे

सगळ्यात महत्त्वाची मंडळी म्हणजे सीडी८ टी-पेशी, लिम्फोसाइटचाच एक प्रकार. यांना मारक टी-पेशी म्हणतात. शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी आपल्या आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर मांडून दाखवत असते. टी-पेशी येऊन हे तुकडे तपासते. ओळखीचा तुकडा असेल तर पुढे जाते. अनोळखी दिसला तर त्या पेशीला चिकटते, परफोरिन नावाच्या प्रथिनानं तिच्या पटलाला छिद्र पाडते आणि ग्रॅन्झाइम आत सोडते. काही वेळात ती पेशी मरते आणि टी-पेशी पुढच्या पेशीकडे वळते.

कॅन्सर यावर दोन-तीन डाव खेळतो. एक, तुकडे मांडायची व्यवस्थाच मोडून टाकायची, म्हणजे तपासायला काही उरतच नाही. अशा पेशींना मारायला खरं तर नॅचरल किलर पेशी असतात, त्या 'तुकडे का दाखवत नाहीस' या संशयावरूनच हल्ला करतात. पण घट्ट गाठींमध्ये त्या फारशा सापडत नाहीत. दुसरा डाव ब्रेक दाबण्याचा. टी-पेशीवर पीडी-१ नावाचं प्रथिन असतं. त्यावर समोरच्या पेशीवरचं पीडी-एल१ हे प्रथिन टेकलं की टी-पेशी थंडावते. हा ब्रेक कॅन्सरनं शोधलेला नाही, आपल्याच पेशींना वाचवण्यासाठी तो शरीरात आहे. कॅन्सर फक्त त्यावर पाय ठेवून उभा राहतो. महिनोन्महिने असं चाललं की टी-पेशी थकते. गाठीत ती दिसते, मोजता येते, पण तिच्या हातून काही होत नाही.

मॅक्रोफेजची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञानं १८८२ मध्ये तारामाशाच्या अळीत काटा टोचून या भक्षक पेशी पाहिल्या, पुढे १९०८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. या पेशी जंतू खातात, मेलेल्या पेशी उचलतात आणि जखम भरतानाही राबतात. जखम भरायची तर नव्या रक्तवाहिन्या हव्यात, नव्या पेशी वाढायला हव्यात आणि मारामारी थांबायला हवी. गाठीच्या आत शिरलेल्या मॅक्रोफेजना कॅन्सर नेमका हाच संदेश देत राहतो, की इथे जखम आहे, भरायला लाग. मग त्या इमानेइतबारे गाठीला रक्तपुरवठा करू लागतात आणि टी-पेशींना गप्प बसवतात. त्यांना गद्दार म्हणायचा मोह होतो, पण त्या आपलं नेहमीचंच काम करत असतात, चुकीच्या जागी.

तिसऱ्या गटाचं नाव अलीकडे वर्तमानपत्रांतही आलं. नियामक टी-पेशी म्हणजे टी-रेग. या शोधासाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रंकाओ आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. इतर टी-पेशींना आवरणं हे त्यांचं काम. बऱ्याच कॅन्सरमध्ये गाठीत टी-रेग जास्त असणं वाईट लक्षण मानतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये मात्र हिशेब उलटासुलटा निघतो. काही अभ्यासांत टी-रेग जास्त असलेल्यांची तब्येत उलट बरी राहिलेली दिसते. एक कारण असं सांगतात, की आतड्यात जिवाणूंमुळे होणारी जळजळ कॅन्सरला खतपाणी घालते आणि टी-रेग ती जळजळ दाबतात. एकच पेशी, एका अवयवात अडसर आणि दुसऱ्यात मदत. 'प्रतिकारशक्ती वाढवा' या सल्ल्याला माझा आक्षेप आहे तो इथेच. कोणती वाढवायची?

न्यूट्रोफिल या आणखी एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं थोडक्यात सांगते, कारण सीबीसी या रक्ततपासणीच्या रिपोर्टमध्ये त्यांचा आकडा असतो आणि व्हॉट्सअॅपवर 'एनएलआर' काढायचं सूत्र फिरत असतं. रक्तात न्यूट्रोफिल जास्त आणि लिम्फोसाइट कमी असं गुणोत्तर कॅन्सरच्या रुग्णांत बरं लक्षण समजत नाहीत, हे खरं. पण साधा ताप, दाढदुखी किंवा स्टिरॉइडची गोळी यानंही ते बदलतं. घरी बसून हे गणित करू नये.

कुठे उभ्या आहेत, हे का बघायचं

२००६ मध्ये पॅरिसच्या जेरोम गॅलाँ आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास मांडला. मोठ्या आतड्याच्या गाठींचे कापलेले नमुने घेऊन त्यांनी टी-पेशी मोजल्या, पण सरसकट नाही. गाठीच्या मध्यभागी किती आणि जिथून गाठ निरोगी भागात घुसते त्या कडेला किती, असं वेगवेगळं मोजलं. दोन्हीकडे दाट टी-पेशी असलेल्या रुग्णांचा आजार उलटण्याचं प्रमाण बरंच कमी निघालं. गाठ किती खोल गेली आणि लसिकाग्रंथींत (लिम्फ नोडमध्ये) पोचली का, यावर आपण स्टेज ठरवतो. कित्येकदा त्या स्टेजपेक्षाही टी-पेशींची मांडणी पुढचं भवितव्य चांगलं सांगत होती. यातून 'इम्युनोस्कोर' तयार झाला. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या १३ देशांच्या पडताळणीत अडीच हजारांहून जास्त रुग्ण होते.

माझ्या मायक्रोस्कोपखाली हा फरक न मोजताही कळण्याइतका ठळक असतो. एका स्लाइडवर जांभळे ठिपके कॅन्सरच्या ग्रंथींच्या आत, दोन पेशींच्या मध्ये घुसलेले दिसतात. दुसऱ्या स्लाइडवर तितकेच ठिपके, पण सगळे कडेला रांगेत थांबलेले. मध्ये तंतुमय ऊतीची भिंत असते. ती उभारायला टीजीएफ-बीटा नावाचं रसायन मदत करतं, आणि तेच टी-पेशींना आत येऊही देत नाही. आणखी काही स्लाइडवर ठिपकेच नाहीत, ओसाड. कधी गाठीच्या कडेला बी-पेशी (लिम्फोसाइटचा दुसरा प्रकार) आणि टी-पेशी एकत्र येऊन छोटी लसिकाग्रंथीच उभी करतात. असं दिसलं की मला जरा बरं वाटतं, आणि रिपोर्टमध्ये त्याची नोंद जाते.

आता नाण्याची दुसरी बाजू. १८६३ मध्ये जर्मनीच्या रुडॉल्फ फिरखोनं गाठींमध्ये पांढऱ्या पेशी पाहून वेगळाच तर्क केला होता, की जिथे दीर्घकाळ जळजळ असते तिथे कॅन्सर उगवतो. पचनमार्गात हा तर्क फार ठिकाणी खरा ठरला. अल्सरेटिव्ह कोलायटिस वर्षानुवर्षं असलेल्यांना आतड्याच्या कॅन्सरचा धोका जास्त, म्हणून त्यांना ठरावीक काळानं कोलोनोस्कोपी करायला सांगतात. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू घर करून राहिला की पांढऱ्या पेशी त्याच्याशी दशकानुदशकं भांडतात, त्याला हुसकावू शकत नाहीत आणि या भांडणात जठराचं अस्तर झिजतं, बदलतं, काहींत पुढे कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं १९९४ मध्येच या जिवाणूला कॅन्सरकारक ठरवलं. त्याच जिवाणूपायी कधी कधी भांडायला आलेल्या बी-पेशीच बिघडतात आणि जठरात माल्ट लिम्फोमा होतो. सुरुवातीच्या टप्प्यातला हा कॅन्सर बऱ्याच रुग्णांत केमोशिवाय, नुसत्या अँटिबायोटिकच्या कोर्सनं विरतो. जिवाणू गेला की त्या पेशींना चिथावणारं कोणी राहत नाही. कॅन्सरच्या पुस्तकातलं हे माझं सगळ्यात आवडतं पान आहे.

उलट डाव खेळणारे जिवाणूही आहेत. तोंडात, हिरड्यांलगत राहणारा फ्युसोबॅक्टेरियम मोठ्या आतड्याच्या गाठींत सापडतो. त्याच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन टी-पेशी आणि नॅचरल किलर पेशींवरचा एक ब्रेक दाबतं, आणि गाठीला आयतं संरक्षण मिळतं. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेत भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर बरंच काम झालं आहे. पुढच्या काळात जिवाणू आणि पांढऱ्या पेशींच्या या जोडगोळीबद्दल आणखी ऐकायला मिळेल.

चार प्रथिनांची तपासणी

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप केला त्याकडे येते. मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कॅन्सरचं निदान झालं असेल तर रिपोर्टमध्ये 'एमएमआर' किंवा 'एमएसआय' हा शब्द आहे का, ते बघा. दोन्ही शब्द डीएनए दुरुस्त करणाऱ्या एकाच यंत्रणेच्या तपासणीचे. नसेल तर डॉक्टरांना विचारा.

पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. त्या दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेत चार मुख्य प्रथिनं असतात : एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. आम्ही गाठीच्या कापावर या चारांसाठी स्वतंत्रपणे रंग चढवतो. प्रथिन असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी दिसतं. नसेल तर निळंच राहतं. गंमत अशी, की त्याच कापात शेजारी उभी असलेली टी-पेशी तपकिरी असते, कारण ती निरोगी आहे. ती तपकिरी दिसली की रंग नीट चढल्याची आमची खात्री पटते. कॅन्सरच्या पेशी निळ्या आणि मधल्या टी-पेशी तपकिरी अशी स्लाइड असेल, तर दुरुस्तीची यंत्रणा मोडलेली आहे.

मोठ्या आतड्याच्या सुमारे १५ टक्के कॅन्सरमध्ये ती मोडलेली असते. आजार दूरवर पसरलेल्या रुग्णांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास. यंत्रणा मोडली की चुका साचत जातात, विचित्र प्रथिनं बनतात आणि त्यांचे विचित्र तुकडे पृष्ठभागावर मांडले जातात. टी-पेशींना मग हा शत्रू सहज ओळखू येतो आणि त्या झुंडीनं आत शिरतात. म्हणजे ज्याचा डीएनए सगळ्यात जास्त बिघडलेला, त्याच कॅन्सरला शरीर सगळ्यात चांगलं ओळखतं. फक्त ब्रेक दाबलेला असतो, तेवढा काढायचा.

ब्रेक काढणाऱ्या औषधांच्या मुळाशी जेम्स अॅलिसन आणि तासुकू होंजो यांचं काम आहे. त्यांना २०१८ चं नोबेल मिळालं. २०१५ मध्ये यंत्रणा मोडलेल्या गाठींवर पेम्ब्रोलिझुमॅब या अशा औषधाचा परिणाम दिसला. २०१७ मध्ये अमेरिकेनं ते मंजूर करताना पहिल्यांदाच अवयवाची अट काढली : गाठ आतड्यात असो की जठरात, यंत्रणा मोडलेली असली म्हणजे झालं. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून गुदाशयाच्या कॅन्सरची बातमी आली. दोस्तारलिमॅब हे त्याच जातीचं औषध सहा महिने दिल्यावर पहिल्या १२ च्या १२ रुग्णांत गाठ दिसेनाशी झाली. २०२५ मध्ये हा आकडा ४९ पैकी ४९ झाला. शस्त्रक्रिया नाही, रेडिएशन नाही, पोटावर कायमची पिशवी नाही. नेदरलँड्समध्ये मोठ्या आतड्याच्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी फक्त काही आठवडे अशी औषधं दिली, तर काढलेल्या आतड्यात १११ पैकी ६८ टक्के रुग्णांत जिवंत कॅन्सर पेशी सापडलीच नाही.

तपासणीला वेगळी बायॉप्सी लागत नाही. पहिल्या बायॉप्सीचा तुकडा मेणात गोठवून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. काडेपेटीहूनही छोटा. पुण्यात एका हॉस्पिटलातून दुसऱ्या लॅबमध्ये हे ब्लॉक रुग्णाचा मुलगाच स्कूटरवरून घेऊन जातो, फाइलमध्ये, झिपच्या पिशवीत. दुपारच्या उन्हात डिकीत ठेवू नका, मेण वितळतं. आणि ब्लॉक परत मागून घ्या. पुढच्या प्रत्येक तपासणीला तोच लागणार आहे. खर्च काही हजारांचा असतो. औषधांच्या लाखांपुढे तो काहीच नाही.

चार प्रथिनांपैकी एखादं नसेल तर प्रश्न कुटुंबाचाही होऊ शकतो. काहींत हा दोष जन्मजात असतो, त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. भावंडांना आणि मुलांना तो असण्याची शक्यता निम्मी. ज्यांच्यात सापडेल त्यांनी एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करत राहिलं तर पॉलिप, म्हणजे अस्तरावरची छोटी वाढ, कॅन्सर होण्याआधीच काढता येतो. आपल्याकडे ही गोष्ट नातेवाइकांपासून लपवायची पद्धत आहे, मुलीच्या लग्नाचा विचार करून. त्या लपवण्यापायी पुढच्या पिढीत कोणाचा जीव जाऊ शकतो.

उरलेल्या ८५ टक्क्यांचं काय? तिथे नुसते ब्रेक काढून फारसं काही होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. टी-पेशींना ओळखण्यासारखं काही सापडलेलंच नसतं. स्वादुपिंडाचा कॅन्सर याचं टोक आहे : घट्ट तंतुमय भिंत, आत मॅक्रोफेज भरपूर, टी-पेशी मोजक्या. तिथे रुग्णाच्या स्वतःच्या गाठीतल्या बिघाडांवरून एमआरएनए लस बनवायचा प्रयोग झाला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत १६ पैकी ८ जणांत टी-पेशी जाग्या झाल्या. आशादायक आहे, उपचार म्हणून अजून हाती आलेलं नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कार-टी उपचाराबद्दल, म्हणजे रुग्णाच्या टी-पेशी बाहेर काढून, बदलून परत देण्याबद्दल, बरेच जण विचारतात. २०२३ मध्ये मंजूर झालेला तो उपचार रक्ताच्या काही कॅन्सरसाठी आहे, आतड्याच्या गाठीसाठी नाही.

आपल्याकडे पचनमार्गाच्या पहिल्याच दाराशी, तोंडात, तंबाखू आणि मशेरीमुळे कॅन्सर फार. तोंड, घसा या भागातल्या पुढच्या टप्प्याच्या कॅन्सरमध्ये टाटा मेमोरियलनं निवोलुमॅब या ब्रेक काढणाऱ्या औषधाची फक्त २० मिलिग्रॅम मात्रा, म्हणजे प्रचलित मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, गोळ्यांच्या केमोसोबत देऊन पाहिली. वर्षभरानं हयात असलेल्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवर सुमारे १६ टक्के होतं, औषध जोडल्यावर ४३ टक्के. महागडं औषध थोडक्यात भागवायचा हा प्रयोग मला परदेशातल्या कित्येक मोठ्या चाचण्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

शेवटची एक गोष्ट, जी ऑन्कॉलॉजिस्ट सांगतात पण घरी येईपर्यंत विसरली जाते. ब्रेक काढले की ते फक्त गाठीत निघत नाहीत. आतड्यातली ती मूळची सबुरीही संपते आणि टी-पेशी आपल्याच अस्तरावर तुटून पडतात. थायरॉइड, फुप्फुसं, कातडी यांनाही झळ बसू शकते. औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांनी, कधी ते थांबल्यावर काही महिन्यांनी जुलाब लागले, तर बाहेरचं काही खाल्लं असेल म्हणून दहीभात आणि साबुदाण्याच्या पेजेवर आठवडा काढू नका, मेडिकलमधून गोळी आणून ते दाबूही नका. त्याच दिवशी ऑन्कॉलॉजिस्टला फोन करा आणि इम्युनोथेरपी (ब्रेक काढणारं औषध) चालू आहे किंवा झालेली आहे, हे पहिल्या वाक्यात सांगा. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे जावं लागलं तर तिथेही हेच सांगा. वेळेवर स्टिरॉइड मिळालं तर बहुतेकांचा त्रास आटोक्यात येतो.